पक्ष, साध्य आणि उजवीकडची खिडकी: लीनमध्ये पहिली सिद्धता कशी लिहावी

भूमितीच्या जुन्या मराठी पुस्तकात प्रत्येक प्रमेयाखाली तीन शब्द ओळीनं येतात: पक्ष, साध्य, सिद्धता. ग्वाल्हेरला लष्कर भागात वाढलेल्या आम्हा मुलांना शाळेत मात्र 'दिया है' आणि 'सिद्ध करना है' असंच शिकवलं गेलं. मराठी शब्द घरी वडिलांकडून कानावर पडले. पुढे कॉलेजात गणित शिकवताना एक गोष्ट सारखी दिसत राहिली. मुलं पक्ष लिहितात, साध्य लिहितात आणि सिद्धता सुरू झाली की दोन्ही विसरतात. चौथ्या ओळीवर आपल्या हातात नेमकं काय आहे आणि अजून काय मिळवायचं राहिलंय, हे विचारलं की गप्प होतात.

लीन हे सिद्धता तपासणारं सॉफ्टवेअर मला याच कारणासाठी आवडलं. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीवर ते पक्ष आणि साध्य नव्यानं मांडून समोर ठेवतं. गेल्या हिवाळ्यात माझी भाची बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा तिला मी हे शिकवलं. ती कुठे अडली, काय केल्यावर सुटली, हे आठवून खालचं सगळं लिहिलं आहे.

सुरुवातीलाच लिपीबद्दल सांगते. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. एडिटरमध्ये त्या रोमन लिपीत, आणि आकडेही रोमन कीबोर्डवरचेच, टाइप करायचे. अक्षरं सुटी उच्चारायची असतील तिथे मी मध्ये आडवी रेघ दिली आहे. म्हणजे 'आर-एफ-एल' हे तीन अक्षरांचं एकच शब्दरूप, रेघ टाइप करायची नाही. आपल्यासारख्या मराठीत टाइप करणाऱ्यांना एक सापळा इथेच असतो. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि आकडा देवनागरीत पडला, तर लीन तो आकडा म्हणून ओळखत नाही. पडद्यावर ओळ बरोबर दिसते, तरी खाली लाल रेघ येते. विंडोजमध्ये विंडोज-की आणि स्पेसबार एकत्र दाबला की कीबोर्ड बदलतो. न कळणारी लाल रेघ आली की आधी हे तपासा.

टिपणं, म्हणजे दोन आडव्या रेघांनंतरचा मजकूर, मराठीत खुशाल लिहा. प्रमेयाला मराठी नावही देता येतं, फक्त ते « » अशा दुहेरी कोनी कंसात घालावं लागतं.

कोणतं सॉफ्टवेअर, कोणता एडिटर

सिद्धता तपासणारी सॉफ्टवेअर बरीच आहेत. पूर्वी कॉक म्हणत ते आता रॉक झालेलं सॉफ्टवेअर त्यातलं जुनं आणि भक्कम. त्याला स्वतःचा वेगळा एडिटर आहे. चार रंगांचं प्रमेय १९७६ साली अ‍ॅपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीनं सिद्ध केलं, तेव्हा तो हिशेब माणसानं कसा तपासायचा हा वाद बरीच वर्षं चालला. २००५ साली जॉर्ज गोंथिए यांनी याच कॉकमध्ये त्याची पूर्ण सिद्धता उतरवली. इसाबेल हेही असंच नावाजलेलं. मी लीन निवडलं ते दोन कारणांनी. सिद्ध झालेल्या प्रमेयांचं त्याचं मॅथलिब हे ग्रंथालय पदवीच्या गणिताला पुरून उरतं. आणि व्हीएस कोड या फुकट एडिटरमध्ये त्याची उजवी खिडकी फार विचारपूर्वक बांधलेली आहे.

लिओनार्डो द मौरा यांनी २०१३ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये लीन सुरू केलं. आज वापरात आहे ती चौथी आवृत्ती. जुन्या लेखांतले तिसऱ्या आवृत्तीचे नमुने इथे चालत नाहीत. इंटरनेटवरून उतरवलेली ओळ चालली नाही तर ती कोणत्या आवृत्तीची आहे ते पाहा.

आधी ब्राउझरमध्ये

पहिल्याच दिवशी काही बसवू नका. लीनची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आहे. 'लाइव्ह', टिंब, 'लीन-लँग', टिंब, 'ऑर्ग' हा तिचा पत्ता, आणि यातली मधली रेघ मात्र खरोखर टाइप करायची. डावीकडे लिहायची जागा, उजवीकडे खिडकी, आणि मॅथलिब आधीच बसवलेलं. भाचीचे पहिले दोन रविवार इथेच गेले.

मन रमलं की मग संगणकावर बसवा. व्हीएस कोड उघडा, डाव्या पट्टीत एक्स्टेन्शन्सच्या चौकोनांवर क्लिक करा, 'लीन ४' शोधा आणि बसवा. बसवल्यावर मदतीचं पान उघडतं. त्यातल्या पायऱ्या क्रमानं करा. गिट हवं असेल तर तेही तिथेच कळतं. लीनची फाइल उघडी असताना वर उजव्या कोपऱ्यात उलट्या 'ए'सारखं ∀ हे चिन्ह दिसतं. लीनची बहुतेक कामं या चिन्हाखालच्या यादीत आहेत. तिथे 'न्यू प्रोजेक्ट'मध्ये मॅथलिबसह प्रोजेक्ट तयार करण्याचा पर्याय निवडा.

आता दोन गोष्टी जपायच्या, कारण नवा माणूस इथेच हात टेकतो. पहिली, मॅथलिब आधीच भाषांतरित (कंपाइल) होऊन तयार असलेलं उतरवून घ्या. ∀ च्या यादीत प्रोजेक्टच्या कामांत मॅथलिबचा बिल्ड कॅश आणण्याची आज्ञा आहे. ती न देता फाइल उघडली तर तुमचा संगणक हजारो फाइली स्वतः भाषांतरित करायला घेतो, पंखा घरघरतो आणि तासन्‌तास काही दिसत नाही. हे काही जीबींचं प्रकरण आहे, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका. दुसरी, व्हीएस कोडमध्ये नेहमी पूर्ण फोल्डर उघडा, सुटी फाइल नाही. सुटी फाइल उघडली तर लीनला प्रोजेक्ट कुठे आहे ते सापडत नाही आणि 'मॅथलिब मिळत नाही' असा निरोप येतो. भाचीनं तीन वेळा सगळं काढून पुन्हा बसवलं होतं. चूक बसवण्यात नव्हतीच, फाइल डेस्कटॉपवरून डबल-क्लिक करून उघडण्यात होती.

फाइल मेन्यूतलं ऑटो सेव्ह चालू करून ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात वीज सांगून जात नाही.

पडद्यावर काय काय आहे

डावीकडे तुमची फाइल. उजवीकडे जी खिडकी आहे तिला इन्फोव्ह्यू म्हणतात. ती दिसत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबा. ही खिडकी कर्सरच्या मागे चालते. कर्सर ज्या जागी असेल त्या जागेपर्यंतची सिद्धता झाल्यावर काय परिस्थिती आहे, ते ती दाखवते. काही चालवावं लागत नाही, बटण दाबावं लागत नाही. कर्सर वर नेला की जुनी परिस्थिती, खाली आणला की नवी.

खिडकीत ⊢ असं एक चिन्ह दिसेल, आडवा पडलेला 'टी' म्हणा. त्याच्या वर जे जे लिहिलंय तो पक्ष. त्याच्या पुढे जे लिहिलंय ते साध्य. वडिलांनी शिकवलेले ते दोन शब्द, आणि ते दर ओळीला बदलतात.

फाइलीत डाव्या कडेला पिवळी पट्टी असेपर्यंत लीन विचार करतंय. तोवर उजवीकडे दिसतं ते पूर्ण समजू नका. लाल नागमोडी रेघ म्हणजे चूक, पिवळी म्हणजे सूचना. कोणत्याही शब्दावर माउस नुसता टेकवला की त्याचा अर्थ आणि प्रकार दिसतो. चिन्हावर टेकवला तर ते कसं टाइप करायचं तेही दिसतं. गणिती चिन्हं उलट्या तिरक्या रेघेनं सुरू होतात: ती रेघ आणि पुढे 'एल' लिहून स्पेस दिली की डावा बाण येतो, 'टी-ओ' लिहिलं की उजवा.

किल्ल्यावरच्या शिलालेखाचा हिशेब

पहिलं उदाहरण गावातलंच घेऊ. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जाताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, खडकातच कोरलेलं छोटंसं. त्यातला शिलालेख विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इसवी सन ८७६चा. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिल्याचं आणि रोज ५० माळा देण्याचं त्यात लिहिलंय. २७० आणि ५० या आकड्यांत शून्य गोल कोरलेलं आहे. जगभरचे गणिताचे लोक ते पाहायला येतात. बागेचं क्षेत्रफळ तपासू. फाइलीत लिहा:

एक्झाम्पल : २७० * १८७ = ५०४९० := बाय डिसाइड

'एक्झाम्पल' म्हणजे बिननावाचं प्रमेय. अपूर्णविरामानंतर विधान, मग अपूर्णविराम आणि बरोबरचं चिन्ह जोडून, मग 'बाय' म्हणजे इथून सिद्धता सुरू. 'डिसाइड' म्हणजे हिशेब करून निकाल लाव. कुठेही लाल रेघ आली नाही तर विधान सिद्ध झालं.

आता शेवटचा आकडा ५०४९१ करा. 'डिसाइड'खाली लाल रेघ येईल, आणि निरोप येईल की हे विधान खोटं असल्याचं सिद्ध झालंय. हा निरोप नीट वाचून घ्या. लीनच्या बहुतेक चुकांचा अर्थ 'मला जमलं नाही' एवढाच असतो. विधान खोटं आहे असं ते फार थोड्या वेळा ठामपणे म्हणतं. लाल रेघ पाहिली की आपलं प्रमेयच चुकलं असं मुलं धरून चालतात. तो फरक इथे, साध्या गुणाकारात, समजून घेतलेला बरा.

शून्य आणि कोणतीही संख्या

आता खरी सिद्धता. विधान असं: कोणतीही नैसर्गिक संख्या घ्या, शून्यात ती मिळवली तर तीच संख्या येते. लीनमध्ये नैसर्गिक संख्या शून्यापासून सुरू होतात, हे लक्षात ठेवा.

भाचीला हे विधान पाहून हसू आलं. "आत्या, यात सिद्ध काय करायचं? उघडच आहे." मी तिला आधी उलटं लिहायला सांगितलं, संख्या आधी आणि शून्य नंतर:

एक्झाम्पल (एन : नॅट) : एन + ० = एन := बाय आर-एफ-एल

झालं. 'नॅट' म्हणजे नैसर्गिक संख्या. 'आर-एफ-एल' म्हणजे दोन्ही बाजू व्याख्येनुसारच एक आहेत. मग शून्य पुढे आणून तीच ओळ लिहायला सांगितली, आणि लाल रेघ आली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

कारण बेरजेच्या व्याख्येत आहे. लीनमध्ये बेरीज दुसऱ्या संख्येवरून ठरते. दुसरी संख्या शून्य असेल तर उत्तर पहिली संख्या. दुसरी 'के अधिक १' असेल तर उत्तर 'पहिली अधिक के' काढून त्यात १. शून्य उजवीकडे असेल तर व्याख्येचं पहिलंच कलम लागू होतं. शून्य डावीकडे आणि उजवीकडे अनोळखी 'एन' असेल तर कोणतं कलम लावायचं तेच ठरत नाही. तिथे इंडक्शन लागतं, हिंदी पुस्तकांत ज्याला 'गणितीय आगमन' म्हणतात ते: विधान शून्यासाठी दाखवायचं, मग 'के'साठी खरं धरून 'के अधिक १'साठी दाखवायचं. असं लिहा, आत सरकलेल्या ओळी आत सरकवूनच, कारण लीन समासावरून रचना समजतं:

थिअरम «शून्य_बेरीज» (एन : नॅट) : ० + एन = एन := बाय
  इंडक्शन एन विथ
  | झीरो => सॉरी
  | सक के आय-एच => सॉरी

'झीरो' ही शून्याची खोली, 'सक' ही 'के अधिक १'ची, आणि 'आय-एच' हे इंडक्शनचं गृहीतक. त्यांच्यापुढचा बाण म्हणजे बरोबरचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'पेक्षा मोठं'चं चिन्ह. 'सक'चं स्पेलिंग एस, यू, सी, सी. 'सॉरी' ही लीनची खरीखुरी आज्ञा आहे: ही जागा सध्या रिकामी सोडतो, पुढे चल. पिवळी सूचना येते, पण काम थांबत नाही. माझ्या मते एडिटरमधली ही सगळ्यात उपयोगी सवय. आधी सिद्धतेचा सांगाडा उभा करायचा, सगळ्या खोल्यांत 'सॉरी' ठेवायचं, सांगाडा लीनला मान्य आहे हे बघायचं आणि मग एकेक खोली भरायची. वरून खाली एका दमात लिहीत गेलात तर दहाव्या ओळीवर कळतं की दुसरी चुकली होती.

कर्सर पहिल्या 'सॉरी'च्या अगदी आधी ठेवा. उजवीकडे साध्य दिसेल: ० + ० = ०. शून्य उजवीकडे आहे, म्हणून इथे 'आर-एफ-एल' पुरतं. 'सॉरी' पुसून तेच लिहा.

कर्सर दुसऱ्या 'सॉरी'च्या आधी न्या. आता काहीही टाइप न करता खिडकी वाचा. वर पक्षात दोन ओळी असतील. एक, के ही नैसर्गिक संख्या. दुसरी, आय-एच : ० + के = के. खाली साध्य: ० + (के + १) = के + १. मी भाचीला हे वहीत उतरवायला लावलं, मराठीत: 'पक्ष: के साठी विधान खरं आहे. साध्य: के अधिक १ साठी खरं आहे.' कॉलेजात इंडक्शनची डझनभर गणितं केली होती तिनं, पण गृहीतक आणि साध्य शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

आता तिनं काय केलं ते सांगते, कारण बहुतेक जण हेच करतात. आय-एच हातात आहे तर तेच वापरू, म्हणून 'सॉरी'च्या जागी लिहिलं:

आर-डब्ल्यू [आय-एच]

'आर-डब्ल्यू' म्हणजे समीकरण घेऊन साध्यात डाव्या बाजूच्या जागी उजवी बाजू ठेवणं. लाल रेघ आली. निरोप असा की ० + के हा नमुना साध्यात सापडला नाही. "पण आहे ना तो, शून्य आहे, के आहे!" खिडकीवर बोट ठेवून मी तिला कंस दाखवला. साध्यात शून्य 'के + १' या पूर्ण गाठोड्यात मिळवलंय. ० + के हा तुकडा तिथे सुटा नाहीच. आपण कागदावर बेरजेचे कंस मनातल्या मनात हलवतो. लीनला ते लेखी लागतं.

कंस हलवण्याचा नियम ग्रंथालयात आहे: नॅट.अ‍ॅड_असॉक. मधल्या टिंबासह आणि खालच्या रेघेसह लिहायचा. तो (ए + बी) + सी चं ए + (बी + सी) करतो. आपल्याला उलट दिशा हवी आहे, म्हणून त्याच्याआधी डावा बाण:

  | सक के आय-एच => आर-डब्ल्यू [← नॅट.अ‍ॅड_असॉक, आय-एच]

लाल रेघ गेली. आता एडिटरची खरी गंमत. कर्सर चौकोनी कंसाच्या आत, स्वल्पविरामाच्या अलीकडे-पलीकडे हलवा. बाणाच्या आधी साध्य ० + (के + १) = के + १. पहिला नियम लागल्यावर ० + के + १ = के + १. आय-एच लागल्यावर दोन्ही बाजू के + १, आणि अशी सरळ समानता 'आर-डब्ल्यू' आपणहून मिटवतं, म्हणून 'नो गोल्स', साध्य उरलं नाही. एका ओळीतल्या तीन अवस्था तीन चित्रांसारख्या दिसतात. नव्यानं बदललेल्या भागाला खिडकी रंगही देते. बाण काढून पाहा, पुन्हा 'नमुना सापडला नाही' येईल. हे मुद्दाम करून पाहायला मी प्रत्येकाला सांगते. चूक झाल्याचा निरोप आपण स्वतः घडवून आणला की पुढच्या वेळी तो ओळखीचा वाटतो.

वजाबाकीत फसू नका

पुढच्या आठवड्यात भाचीनं स्वतःहून एक विधान निवडलं. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धांतात ज्या सूत्राला जागा दिली आणि पुढे ज्याला 'भावना' म्हणू लागले, त्याचा हा साधा प्रकार: दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेनं गुणलं तर उत्तरही दोन वर्गांची बेरीजच असते. तिनं लिहिलं:

एक्झाम्पल (ए बी सी डी : नॅट) : (ए^२ + बी^२) * (सी^२ + डी^२) = (ए*सी - बी*डी)^२ + (ए*डी + बी*सी)^२ := बाय रिंग

फाइलीच्या पहिल्या ओळीत 'इम्पोर्ट मॅथलिब' होतं, ते हवंच. 'रिंग' ही आज्ञा बीजगणितातले असे विस्तार स्वतः करून दोन्ही बाजू जुळवते. पण जुळलं नाही, 'रिंग_एन-एफ' वापरून पाहा असं सुचवणं आलं. तिनं तेही केलं, तरी साध्य उरलंच. तासभर ती कंस मोजत बसली. वहीवर सूत्र बरोबर येत होतं.

मी तिला एक ओळ लिहायला सांगितली:

#इव्हॅल २ - ३

उजवीकडे उत्तर आलं ०. नैसर्गिक संख्यांमध्ये ऋण संख्या नाहीत, म्हणून तिथली वजाबाकी शून्यावर अडते. मग ए=१, बी=२, सी=१, डी=२ घालून हातानं करून पाहिलं. डावी बाजू ५ गुणिले ५, म्हणजे २५. उजवीकडे १ वजा ४ शून्य, आणि ४ चा वर्ग १६. विधान खोटंच होतं, आणि 'रिंग'नं ते सिद्ध केलं नाही हे योग्यच झालं. 'नॅट'च्या जागी 'इंट', म्हणजे पूर्णांक, लिहिलं: १ वजा ४ उणे ३, वर्ग ९, अधिक १६, बरोबर २५. एका क्षणात लाल रेघ गेली.

म्हणून वजाबाकी किंवा भागाकार असलेलं विधान अडलं की खिडकीतल्या त्या पदावर माउस टेकवा. पद कोणत्या प्रकारचं आहे ते लगेच दिसतं. तिथे नैसर्गिक संख्या दिसली तर आधी विधान दुरुस्त करा, सिद्धतेला नंतर हात घाला. भागाकाराचंही तसंच: नैसर्गिक संख्यांत ७ भागिले २ म्हणजे ३, आणि कोणत्याही संख्येला शून्यानं भागलं तर लीन ० देतं.

नियमाचं नाव आठवत नाही तेव्हा

मॅथलिबमधली सगळी नावं कुणालाच पाठ नसतात. 'सॉरी'च्या जागी 'एक्झॅक्ट' लिहून त्याला चिकटून प्रश्नचिन्ह द्या. साध्याला थेट बसणारं प्रमेय ग्रंथालयात असेल तर लीन ते शोधून 'हे करून पाहा' म्हणून निळ्या अक्षरांत सुचवतं, आणि त्यावर क्लिक केलं की ते फाइलीत उतरतं. 'आर-डब्ल्यू' आणि 'सिम्प' यांनाही असंच प्रश्नचिन्ह लावता येतं. 'सिम्प' म्हणजे सोपं करणारी आज्ञा, तिचं स्पेलिंग चार अक्षरांचं. शोधाला वेळ लागतो, तेवढा थांबा.

नावाचा सुरुवातीचा भाग लिहून कंट्रोल आणि स्पेस दाबलं की यादी येते. कंट्रोल धरून एखाद्या नावावर क्लिक केलं की त्याची मूळ व्याख्या उघडते. भाचीला ही वाट दाखवल्यावर ती बेरजेच्या व्याख्येपर्यंत स्वतः पोचली आणि ती दोन कलमं तिनं मला वाचून दाखवली.

मात्र 'सिम्प' आणि 'एक्झॅक्ट-प्रश्नचिन्ह' पहिल्याच दिवशी हातात देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. शून्य-बेरजेची वरची सिद्धता 'सिम्प' एका शब्दात संपवतं. मग कंसाची गोष्ट कधी कळणारच नाही. मी पहिला महिना 'इंट्रो', 'एक्झॅक्ट', 'आर-डब्ल्यू', 'इंडक्शन' आणि 'आर-एफ-एल' एवढ्यांवर काढते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे केविन बझर्ड यांच्या पुढाकारानं झालेला नॅचरल नंबर गेम ब्राउझरमध्ये खेळता येतो. त्यातही थोड्याच हत्यारांनी बेरीज-गुणाकाराचे नियम एकेक करून सिद्ध करत नेतात.

अडकल्यावर

लाल रेघा पाच असतील तर सगळ्यात वरची वाचा. खालच्या बहुतेक वेळा तिच्याच मागून आलेल्या असतात. 'साध्य सुटलं नाही' असा निरोप 'बाय'वर किंवा एखाद्या बाणावर येतो. त्याचा अर्थ लिहिलेलं चूक आहे असा नाही, अपुरं आहे एवढाच. त्या जागी काय उरलंय ते निरोपातच लिहिलेलं असतं.

खिडकी गोठल्यासारखी वाटली, पिवळी पट्टी हटत नसली, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स दाबून फाइल नव्यानं सुरू करा. एक फाइल बदलून दुसरी उघडली की 'इम्पोर्ट जुने झालेत' असा निरोप येतो, त्यालाही हाच उपाय. खिडकीच्या वर टाचणीचं चिन्ह आहे. तिनं एखादी अवस्था टोचून ठेवली की कर्सर दुसरीकडे नेला तरी ती समोर राहते. लांब सिद्धतेत सुरुवातीचं साध्य टोचून ठेवत जा.

मोठी माणसंही याच खिडकीत काम करतात. २०२३ साली टेरेन्स टाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीएफआर नावाचं अनुमान सिद्ध केलं, आणि तीनेक आठवड्यांत बऱ्याच जणांनी मिळून ते लीनमध्ये उतरवलं. कामाची वाटणी शक्य झाली कारण प्रमेयिकांची विधानं आधी लिहून सिद्धतेच्या जागी 'सॉरी' ठेवता येतं. ज्याला जी रिकामी जागा जमेल ती त्यानं भरायची.

सिद्धता पूर्ण झाली असं वाटलं की शेवटी ही ओळ लिहा:

#प्रिंट ॲक्सिअम्स «शून्य_बेरीज»

प्रमेय कोणकोणत्या मूळ गृहीतकांवर उभं आहे ते उजवीकडे दिसतं. 'प्रॉपएक्स्ट', 'क्लासिकल.चॉइस' आणि 'कोट.साउंड' ही तीन नावं आली तर ती लीनची नेहमीची. 'सॉरीॲक्स' दिसलं तर कुठेतरी रिकामी जागा राहिलीय, कदाचित तुमच्या प्रमेयात नव्हे, त्यात वापरलेल्या दुसऱ्या एखाद्या प्रमेयात. भाचीच्या वीस ओळींच्या फाइलीत ते तिसऱ्या ओळीत लपलेलं निघालं होतं.

पुढचा रविवार तुमचा. नवी फाइल घ्या आणि लिहा:

थिअरम «शून्य_गुणाकार» (एन : नॅट) : ० * एन = ० := बाय
  इंडक्शन एन विथ
  | झीरो => सॉरी
  | सक के आय-एच => सॉरी

दुसऱ्या खोलीत साध्य ० * (के + १) = ० दिसेल. इथे लागणारा नियम नॅट.मल_सक, शेवटी एस, यू, सी, सी. तो लावल्यावर साध्य कसं दिसेल ते आधी वहीत लिहा आणि मग कर्सर हलवून खिडकीशी ताडून पाहा.